उभ्या पऱ्हाटीच्या आड

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला वेळ शिकवायचं आमच्या लेकीनं मनावर घेतलं.

लेक दिग्रसला शाळेत शिकवते. त्या साली संक्रांतीला आली तेव्हा तिळगुळाच्या डब्यासोबत तिनं एक भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक वेळापत्रक. उठणं, गोठा, चहा, वावर, जेवण, आराम, सगळ्याला रंगीत चौकटी. एक चौकट लाल होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘आईचा डोळा’.

“हे कोणासाठी वं?” मी विचारलं.

“तुमच्या दोघांसाठी, बाबा. तुमच्याजवळ वेळ नाही असं नाही. तुम्हाला त्याचं नियोजन जमत नाही. जे ते उद्यावर.”

“तुह्या शाळेत पोट्टे उशिरा येतात काय?”

“येतात ना.”

“मंग हे तिथं लाव.”

ती रागावली. रागावली की तिची शाळेतली भाषा गळून पडते आणि आमची वर येते. “तुमाले काही सांगाची सोयच नाई!” म्हणाली आणि खुर्चीवर चढून तिनं खिळा स्वतःच ठोकला.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि आमचे बैल याच गावाला होते, म्हणून मी इथंच राहिलो. तेव्हा ज्याला शुद्ध वाचायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं. पण वेळेबद्दल आणि चालढकलीबद्दल बोलायचा हक्क मला आहे. चालढकल कशी सोडावी हे सांगणारी तरणी पोरं मोबाइलमध्ये हात हलवून हलवून बोलतात. लेक मला ती दाखवते. यादी करा म्हणतात, गजर लावा म्हणतात, मोठ्या कामाचे बारके तुकडे करा म्हणतात. त्यांच्यापैकी एकानंही माझी बायको पाहिलेली नाही.

मी तिला बुढी म्हणतो. ती मला काही म्हणत नाही, नुसतं ‘जी’ म्हणते, आणि त्या एका ‘जी’मध्ये तिला पाहिजे तेवढा मान आणि पाहिजे तेवढा अपमान बसवता येतो. आमच्या गावात तिच्याइतकी वेळेवरची बाई दुसरी नव्हती. लोक उठून डोळे चोळतात तोवर तिचा गोठा झाडून, सडा टाकून, ज्वारीच्या भाकरी टोपल्यात पडलेल्या असत. कोणाच्या लग्नाला उशिरा गेली नाही, कोणाच्या मयतीला उशिरा गेली नाही. दुसऱ्याच्या घरी बाळंतपण असलं तर दाईच्या आधी पोचायची. आणि याच बाईनं आपला डोळा दिवाळीपासून पुढं ढकलला होता.

म्हणून मी म्हणतो, आळस वेगळा आणि चालढकल वेगळी. आळशी माणूस बिचारा सरळ असतो. तो बाजेवर पडलेला सगळ्या गावाला दिसतो. चालढकल ही कामसू माणसाची कला आहे. तो एका कामाच्या आड दुसरं काम लपवतो आणि आपण घाम गाळून राह्यलो म्हणून कोणी त्याला बोलूही शकत नाही.

दिवाळी झाल्यावर मी तिला यवतमाळला नेऊन डोळे तपासून आणले होते. त्याआधीच मला कळलं होतं. ती माणूस बोलल्याशिवाय त्याला ओळख देत नव्हती. तव्यावर भाकर भाजली की नाही हे बोटानं दाबून पाहायची. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारायची आणि वर तिलाच म्हणायची, “तुह्या हाताले सवय होऊ दे म्हणून देते.” डाव्या डोळ्यात दुधासारखं पांढरं दिसायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, पण बोलायला रोखठोक. “आजी, हा मोतीबिंदू पिकला आहे. आणखी थांबलात तर आतल्या आत फुटतो, डोळ्यात दाब वाढतो. मग ऑपरेशन केलं तरी दिसेल असं मी सांगू शकणार नाही. उजवा डोळाही त्याच मार्गावर आहे.”

बुढी म्हणाली, “पिकू द्या ना बाई. आमच्या इकडं पिकलं का वेचतातच. कापसाची वेचणी झाली का येतो.”

डॉक्टरीणबाई हसली नाही. “वेचणी कधी होते?”

“होतेच आता.”

मी बाजूला बसून होतो. ‘होतेच आता’ म्हणजे काय हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं.

कापूस ज्यांनी फक्त अंगावर पाहिला त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिची बोंडं फुटायला लागतात. बाया कंबरेला ओटी बांधून तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, वेचत जातात. एक वेचा झाला की मागून दुसरी बोंडं फुटतात, मग दुसरा वेचा, मग तिसरा. कोरडवाहू वावर असलं तर पौषापर्यंत पऱ्हाटी वाळून जाते आणि माणूस मोकळा होतो. पण ज्याच्या वावरात विहीर आहे तो काय करतो? पाणी देतो. पाणी मिळालं की म्हातारी पऱ्हाटी पुन्हा पालवते, पुन्हा फुलावर येते, पुन्हा बोंडं धरते. याला फरदड म्हणतात. कृषी खात्याचा साहेब दर साली ग्रामपंचायतीपुढं उभा राहून ओरडतो, फरदड घेऊ नका, बोंडअळी वाढते, डिसेंबरात पऱ्हाटी उपटून टाका. आम्ही सगळे माना डोलवतो आणि तिथून उठून मोटर चालू करायला जातो. उभ्या झाडाला बोंडं असताना ते उपटायचं, हे आमच्या हाताला कोणी शिकवलेलंच नाही.

आमच्या वावरात विहीर आहे. नाल्याकाठची काळी जमीन आहे. माझी फरदड आसपासच्या चार गावांत नाव काढलेली होती. होळीपर्यंत माझ्या वावरात पांढरं दिसायचं. बोरी अरबच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, “काकाजी, अजून फुटून राह्यला काय?” आणि मी मिशीवर हात फिरवायचो. त्याची मला लाज नाही. तेव्हाही नव्हती.

तर वेचणी संपल्यावर डोळा. आणि वेचणी संपतच नव्हती. हा त्या वर्षीचा आमचा सगळा हिशोब.

संक्रांतीनंतर लेकीनं पहिल्यांदा दवाखान्याची तारीख पक्की केली. मीच बुढीला घेऊन जाणार होतो. पिशवी भरली, लुगडं घडी करून घेतलं, फाट्यावर जाऊन उभे राहिलो. एसटी आली. मी चढलो. मागं पाहतो तर बुढी खालीच. सडकेपलीकडून आमच्या वेचणाऱ्या बाया वावराकडं चालल्या होत्या. दिसल्या तर तिला नसतीलच, पण त्यांचं बोलणं ऐकू आलं असेल.

कंडक्टर म्हणाला, “आजी, चढता का?”

“तुमी व्हा बापू पुढं. आमचा आज वेचा हाय.”

“मंग गाडी थांबवली कायले?”

“मी नाई थांबवली. या बुढ्यानं थांबवली.”

सगळी गाडी हसली. मला उतरावं लागलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एसटीत चढून तिकीट न घेता उतरलो नव्हतो. घरापर्यंत मी तिच्याशी बोललो नाही, आणि ती घरापर्यंत आलीच नाही. फाट्यावरूनच वावरात गेली.

लेकीला फोन केला. तिनं उपाय सांगितला, गजर. आईच्या मोबाइलमध्ये तिनं स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं होतं, ‘आई, डोळ्याचं ठरव.’ सकाळ-संध्याकाळ मोबाइल बोलायचा. बुढीला आवाज आवडला. “पोरगी याद करते,” म्हणायची आणि कामाला लागायची. काही दिवसांनी मोबाइल बोलला की गाय हंबरायची, कारण त्या वेळेला तिला सरकीची ढेप मिळायची. गाय तेवढी नियोजनात आली.

मग मी माझ्या पद्धतीनं घेतलं. आधी ओरडून पाहिलं. पन्नास वर्षं माझं ओरडणं ऐकलेल्या बाईवर त्याचा काय परिणाम होणार? मग मी जेवण सोडलं. ताटावरून उठलो आणि म्हणालो, “तू यवतमाळले येशीन तवाच हात धुईन.” तिनं माझ्या वाटची भाकर गायीला घातली आणि आपण शांतपणे जेवली. संध्याकाळी मी स्वतःच चटणी-भाकर काढून खाल्ली. तिनं विचारलंसुद्धा नाही. उपाशी राहून माणसं सरकार झुकवतात म्हणे. सरकारला बायको नसते.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर वेचायला दुसऱ्या बाया लावायच्या. होत्याच की लावलेल्या. पण ती त्यांच्यासोबत जायची. तिच्या हातचा कापूस गावात ओळखला जायचा. बोंडातून पाकळी अशी काढायची की पाचोळ्याचं एक पान सोबत येत नसे. त्या साली मात्र मी कापसाच्या गंजीत हात घातला तर पाचोळा, कवडी, सगळं मिसळलेलं. कवडी म्हणजे किडीनं खाल्लेलं, पिवळं पडलेलं, घट्ट बसलेलं बोंड. ते नजरेनं बाजूला टाकायचं असतं. ती आता हातानं चाचपून वेचत होती, आणि हाताला पिवळं कळत नाही. मी काही बोललो नाही. माझ्या घरात कवडी निघते हे मी माझ्या तोंडानं बोललो असतो तर ते खरं झालं असतं.

मग ती गोष्ट घडली. त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

आमच्या वावराला लागून एका तरुण शेतकऱ्याचं वावर आहे. माझ्या पोरीपेक्षा लहान. चांगला पोरगा. त्याचीही विहीर आहे, त्याचीही फरदड उभी होती. मधे धुरा आहे, म्हणजे बांध. आधी त्या धुऱ्यावरून बैलबंडी जायची. वर्षानुवर्षं दोन्हीकडून नांगर लागत गेला आणि आता उंदीर जाईल एवढा राहिला आहे. तरी धुरा म्हणजे धुरा. आमच्याकडं भाऊ भावाचा राहत नाही एका फुटापायी.

दिवस कलताना तो माझ्या अंगणात आला. बाजेवर बस म्हटलं तर बसला नाही.

“काकाजी, एक गोष्ट सांगतो. राग नका धरू.”

“सांगून तं पाय.”

“काकूनं आज आमच्या तासातला कापूस वेचला.”

मी उठून उभा राहिलो. “काय म्हणतं?”

“मी काही म्हणून नाई राह्यलो. चुकून झालं असन. ओटीभर गेला तं गेला, कोणाच्या घरी गेला? पण आमच्या वेचणाऱ्या बायाईनं पायलं. त्या गावात बोलतीन. दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जावाच्या आधी मी सांगाले आलो.”

बहात्तर वर्षांत माझ्या घराकडं असं बोट कोणी केलं नव्हतं. मला त्याच्यावर धावून जायचं होतं. पण त्यानं जागाच ठेवली नव्हती, इतका तो नरम बोलत होता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी काही बोलायच्या आत बुढी दारात आली. भिंतीला हात लावून उभी राहिली आणि आवाज आला त्या दिशेला तोंड करून म्हणाली, “हाव. वेचला. मुद्दाम वेचला.”

तो चमकला. “काकू?”

“तुह्या बकऱ्यायनं माह्या तुरीचे शेंडे खाल्ले तवा कोण आलतं सांगाले? माह्या तुरीचं भरून घेतलं मी.”

“काकू, माह्याजवळ बकऱ्या कुठी हायेत? मागच्या साली इकल्या ना मी.”

“इकल्या त इकल्या. खाल्ले तवा होत्या.”

पोरगा माझ्याकडं पाहायला लागला. मी बुढीकडं पाहत होतो. तिचं सगळं अंग ताठ होतं. डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडं, गोठ्याच्या कुडावर लागलेले. त्याला वाटलं असेल ती मगरुरीनं तिकडं पाहून राह्यली. तो जिथं उभा होता तिथं तिला तो दिसतच नव्हता.

तेव्हा मला कळलं, ही बाई चोर व्हायला तयार आहे. सगळ्या गावानं चोट्टी म्हटलं तरी चालेल, पण धुरा दिसला नाही हे तिच्या तोंडून निघणार नाही.

मी आत गेलो, त्या दिवशीचा तिचा सगळा कापूस चादरीत बांधला आणि त्याच्या पुढं आणून टाकला. तो हात मागं घ्यायला लागला. “काकाजी, नाई, असं नका करू, त्यात तुमचाही हाय.”

“असू दे. कोणता कोणाचा, मी निवडत बसत नाई. उचल.”

“काकू आजारी हाय काय?”

“उचल म्हणतो ना बे!”

त्यानं उचलला. गेला. जाताना फाटक हळूच लावून घेतलं.

बुढी तिथंच उंबऱ्यावर बसली. मी तिच्यापुढं उभा राहिलो.

“तुले धुरा दिसला नाई.”

“दिसला.”

“मंग त्याच्या तासात काहून शिरली?”

“सांगतलं ना. बकऱ्या.”

“माह्यासमोर बकऱ्या नको सांगू. आता तू माह्या अंगावर कोणत्या रंगाचा सदरा हाय सांग.”

ती म्हणाली, “धुवाले मीच टाकते ना तुमचे सदरे. सगळे पांढरेच.”

मी सदरा काढून ठेवलेला होता. उघडाच उभा होतो.

ती पदरानं तोंड पुसून खालच्या आवाजात म्हणाली, “आता अर्धं तं दिसते जी. उजेड दिसते, तुमी हालले का दिसते. थेही गेलं तं?”

बस. दिवाळीपासून लेक, मी, डॉक्टरीण, मोबाइल, कंडक्टर, सगळे तिच्यामागं लागलो होतो आणि कोणीही हे विचारलं नव्हतं. ती वेचणीसाठी थांबली नव्हती. ती भीत होती. कापूस तिच्यापुढं माणसाएवढा उभा होता आणि ती त्याच्या आड बसली होती. जोवर पऱ्हाटी उभी, तोवर कोणी तिला बाहेर काढू शकत नव्हतं. आणि त्या पऱ्हाटीला मीच पाणी देत होतो.

भिऊ नको, हे मी तिला सांगितलं नाही. भिऊ नको म्हटल्यानं कोणाची भीती गेली हे मी पाहिलं नाही. डॉक्टरीण जे बोलली होती त्यातलं मी एक वाक्य फक्त पुन्हा सांगितलं, की थांबलं तर हे अर्धंही जाणारच आहे. ती म्हणाली, “मंग जाऊ ना. वेचणी झाली का.” आणि उठून दिवा लावायला गेली. काडी तीनदा वातीच्या बाजूनं गेली. मी हात धरला नाही. तिला ते आवडलं नसतं.

लोक म्हणतात चालढकलीचं कारण वेळ नसणं. लेकीच्या वेळापत्रकानं वेळ काढून दिला होता, चौकट रंगवून दिली होती. बुढीला वेळ नको होता. वेळ जेवढा मिळेल तेवढ्यात ती काम भरत होती. तिला आणखी एक चौकट देऊन काय होणार? द्यायचं नव्हतं काही. काढून घ्यायचं होतं.

मी अंगणात जाऊन लेकीला फोन लावला.

“उद्या सुटी टाक. जावयाची गाडी घेऊन ये. सकाईच ये. मायले यवतमाळले न्यायचं.”

“आई तयार झाली?” ती ओरडलीच.

“नाई.”

“मग?”

“होते.”

“बाबा, मागच्या वेळेसारखं करू नका. मी सुटी टाकीन, दवाखान्यात बोलीन, आणि ती पुन्हा म्हणेल आज वेचा आहे.”

“म्हणू शकत नाई.”

“काहून?”

“तू ये तं खरं. आन घरी नोको जाऊ. सडकेवर वावरापाशी गाडी उभी कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बुढी गोठ्यात होती तेव्हाच मी खांद्यावर चिमटा टाकून निघालो. पऱ्हाटी उपटायचा चिमटा लोखंडाचा असतो, लांब दांड्याचा. बुडाशी खोड त्याच्या दाढेत धरायचं आणि दांडा अंगाचा भार देऊन खाली दाबायचा. झाड मुळासकट वर येतं. हे काम उन्हाळ्याच्या तोंडाशी करायचं असतं, वाळलेल्या पऱ्हाटीवर. ओल्या, पाणी प्यालेल्या पऱ्हाटीनं जमीन घट्ट धरलेली असते.

मी शेजाऱ्याच्या धुऱ्याकडून सुरुवात केली. पहिल्याच झाडाला हिरवी बोंडं होती आणि शेंड्याला पिवळं फूल होतं. जन्मात मी फुलावरची पऱ्हाटी उपटली नव्हती. दांडा दाबला. मूळ तुटतानाचा आवाज झाला तो मला आवडला नाही. दुसऱ्याला लावला.

पहिली ओळ निम्मी झाली असेल, तर वेचणाऱ्या बाया आल्या आणि धुऱ्यावरच थबकल्या.

“काकाजी! बोंडं हायेत ना तिले!”

“दिसते मले.”

“मंग काहून उपटून राह्यले?”

“माही पऱ्हाटी हाय. तुमचा आजचा रोज देतो. घरी जा.”

“याच्या डोक्यावर परिणाम झाला वं,” एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी. गावभर हेच होणार हे मला माहीत होतं. चार गावांत नाव काढलेली फरदड मी माघातच आडवी करून राह्यलो होतो. कोणी म्हणेल बुढा सरकला, कोणी म्हणेल साहेबाचं ऐकलं. साहेबाचं मी ऐकलं नाही. तो भेटला तर सांगा त्याला.

मग बुढी आली. पायवाट तिच्या पायाला पाठ होती. कंबरेला ओटी बांधलेली. बायांचा गलका ऐकून ती लगबगीनं आली आणि उपटलेल्या झाडांच्या ढिगाला पाय लागून थांबली. वाकली. हात फिरवला. फांदी, पान, बोंड.

“हे काय जी?”

“पऱ्हाटी.”

“कोणाची?”

“आपली. धुरा मले दिसते.”

ती ढिगातलं एक एक बोंड चाचपत गेली. “हे फुटाले आलतं! हे पाय, हे आजच्या उन्हानं फुटलं असतं! हात झडो तुमचे!”

“झडले तं दातानं उपटीन.”

“बंद करा! बंद करा म्हणते ना! माहा वेचा हाय आज!”

“नाई वेचा. आज नाई, उद्या नाई. या साली वेचणी झाली.”

‘झाली’ म्हटल्यावर तिचा बोंडावरचा हात थांबला. मी पुढच्या झाडाला चिमटा लावला आणि दाबला. ते आलं. त्याच्या पुढचं धरलं.

“पोरगी सडकेवर गाडी घेऊन आली,” मी म्हणालो. मघाशीच हॉर्न वाजला होता. “बसाचं असन तं बस.”

“आन नाई बसली तं?”

“हे वावर झालं का हरभऱ्यात शिरतो. हरभरा झाला का गहू. काहीच ठेवत नाई मंग तुले कराले.”

मी तसं केलं असतं. ते तिला माहीत होतं. तो एक उपास सोडला तर पन्नास वर्षांत मी बोललो आणि केलं नाही असं एकदाही झालं नव्हतं, चांगलंही आणि वाईटही.

ती बराच वेळ उभी राहिली. ऊन वर आलं. मग तिनं कंबरेची ओटी सोडली, झटकली, घडी केली आणि उपटलेल्या पऱ्हाटीवर ठेवली. लेक सडकेवरून खाली उतरून धुऱ्याधुऱ्यानं पुढं आली होती. तिनं आईचा हात धरला.

“सोड,” बुढीचा आवाज आला. “दिसते मले.”

मी वळून पाहिलं नाही. पुढचं खोड चिमट्यात धरलं आणि दांड्यावर सगळा भार टाकला.